लोणी आणायला कोणी पाठवलं?

१

परदेशी माणसाचा कुत्रा हरवला की पोलिसांच्या आधी मला फोन येतो. माझा धंदाच तसा आहे. बाहेरच्या देशातून बदलीवर आलेल्या कुटुंबांना या शहरात वसवून देणारी एजन्सी. घर, शाळा, डॉक्टर, स्वयंपाकाला बाई, गाडीला ड्रायव्हर, सगळं एका ठिकाणी. वीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले. यांच्या घरातून काहीही नाहीसं होवो, ते शोधायचं नंतर बघतात, कुणाला काढायचं ते आधी ठरतं.

बुधवारी सकाळी मी नवव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये पोचले तेव्हा ते ठरून झालं होतं. जेवणघराच्या भिंतीवर दोन घड्याळं होती आणि त्यांच्याखाली पितळी पट्ट्या, एकीवर 'इथे', दुसरीवर 'घरी'. दोन वर्षांपूर्वी मीच ती टांगून घेतली होती. प्रत्येक परदेशी कुटुंबाला ही जोडी लागते. राहायचं इथे आणि घरी किती वाजले ते बघत बसायचं. इथे सव्वादहा झाले होते, घरी पावणेसहा. घड्याळांखाली मॅडम बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे सुजले होते.

"सोमवारी दुपारी माझा मुलगा गेला," त्या म्हणाल्या.

त्यांना मुलगा नाही, बारा वर्षांची एक मुलगी आहे. मुलगा म्हणजे कुत्रा. चाळीस किलोचा, मधाच्या रंगाचा, स्वतःची गादी, स्वतःचा डॉक्टर आणि महिन्यातून एकदा केस कापायला येणारा स्वतःचा माणूस असलेला. घरातली नोकरमंडळी त्याला पाठीमागे 'धाकटे साहेब' म्हणत. धाकट्या साहेबांचा स्वभाव मोठ्या साहेबांपेक्षा बरा होता, एवढं मी त्यांच्याबद्दल सांगू शकते.

"मी साडेबाराला क्लबात गेले. साडेतीनला आले तर ही बाई रडत जिन्यात फिरतेय. दुपारी दोननंतर दार उघडं टाकून ती खाली गेली होती. पट्टा खुंटीला तसाच. तो एकटाच बाहेर पडला, बिचारा." मॅडमनी नाक पुसलं. "आणि वर ती म्हणते काय, तर दोन वाजता साहेबांनीच तिला लोणी आणायला पाठवलं. दोन वाजता! दर सोमवारी दोन ते तीन माझा नवरा खोलीचं दार लावून मीटिंगमध्ये असतो. तिथे सकाळचे साडेआठ वाजतात, मुख्य ऑफिस सगळं एकत्र बसतं. नोव्हेंबरात ही मीटिंग सुरू झाल्यापासून एक सोमवार चुकलेला नाही. आणि फ्रीज लोण्याने भरलाय. म्हणजे ती निष्काळजी आहेच, शिवाय खोटारडी आहे."

"साहेब काय म्हणाले?"

"ते म्हणाले, मी नेहमीप्रमाणे मीटिंगमध्ये होतो. अजून काय म्हणणार?"

मग त्यांनी मला फोन दाखवला. शहरातल्या चारशे परदेशी कुटुंबांचा एक ग्रुप आहे. कुठला दंतवैद्य चांगला, कुठल्या दुकानात चीज मिळतं आणि कुठली बाई ठेवू नये, हे सगळं त्यावर ठरतं. मॅडमनी मजकूर लिहून ठेवला होता, फोटोसकट. 'ही बाई खोटं बोलते. हिला घरात घेऊ नका.'

"संध्याकाळी सहाला पाठवणार आहे. तोवर दुसरी बाई आणून द्या, म्हणजे उद्या सकाळी अडायला नको."

म्हणजे न्यायालाही मुदत होती, आणि ती नाश्त्याच्या सोयीने ठरली होती. तो मजकूर एकदा गेला की स्वयंपाकाच्या मावशींना या शहरात परदेशी घराचं दार पुन्हा उघडणार नव्हतं. चौदा वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं, माझ्याच मार्फत, सात घरांत. पंचावन्नाव्या वर्षी दुसरं काय शिकणार होत्या?

मी रागावले होते, असं सांगायला मला आवडलं असतं. पण खरं सांगते, माझ्या बॅगेत दुसऱ्या बाईचे कागद होते. निघतानाच घेतले होते. गिऱ्हाईक टिकवायचं तर असंच करावं लागतं. मी बॅगेची चेन उघडली.

"ताई," स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज आला, "कागद काढायच्या आधी एकदा फ्रीज बघा."

२

मावशी स्टुलावर बसल्या होत्या. दोन दिवस त्या कामाला येत होत्या आणि त्यांना स्वयंपाकाखेरीज कशालाही हात लावू न देता तिथे बसवून ठेवलं जात होतं. त्यांची पिशवी मॅडमनी स्वतः उलटी करून तपासली होती. चाळीस किलोचा कुत्रा जेवणाच्या डब्यात मावतो, असा त्यांचा समज असावा.

फ्रीजमध्ये लोण्याची तीन पाकिटं होती.

"दोन रविवारची, एक सोमवारचं," मावशी म्हणाल्या. "मला खोटंच बोलायचं असतं तर मी संपलेल्या वस्तूचं नाव घेतलं असतं. कांदे संपले होते. तेल तळाला गेलं होतं. लोणी आहे हे मला माहीत नव्हतं का? साहेबांना मी म्हटलंसुद्धा, लोणी आहे. ते म्हणाले, बिनमिठाचं हवंय, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मोठ्या दुकानात जा."

"पण साहेब तेव्हा मीटिंगमध्ये होते."

"नव्हते. त्यांची मीटिंग आधीच झाली. मी एक वाजता सूप वाढलं तर ते दार लावून आत बोलत बसले होते. सूप निवलं. धाकटे साहेब दाराशी बसून ओरडत होते, नेहमीसारखे."

"नेहमीसारखे म्हणजे?"

"साहेबांनी ते दार लावलं की त्यांना खपत नाही. दहा मिनिटं भुंकतात, दार खरवडतात, मग कंटाळून झोपतात. दार बघा की."

मी दार पाहिलं. खालच्या बाजूला पॉलिश उडून पांढरं लाकूड दिसत होतं. पण दाराच्या ओरखड्यांवर वेळ लिहिलेली नसते.

"मॅडमना हे सांगितलंत?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, मीटिंग दोनलाच असते, तुला घड्याळ कळत नाही." मावशींनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. "चौदा वर्षं मी यांच्या पोरांना वेळेवर जेवायला घालतेय, ताई. मला घड्याळ कळत नाही."

खरं तर मला तेव्हाही त्यांचं बोलणं पूर्ण पटलं नव्हतं. त्या साहेबांच्या कंपनीत सूर्य तासभर उशिरा उगवला तर चालेल, पण सोमवारची मीटिंग हलणार नाही. मावशींचा गोंधळ होत असेल, असं मी मनात म्हटलं आणि दुसरं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"या दिवसांत घरात नवीन कोण आलं होतं?"

"कोणी नाही. मागच्या आठवड्यात पडद्यांचा माणूस आला होता. मॅडम नव्हत्या, साहेबांनीच त्याला घरभर फिरवलं. सोफ्याची मापं घेतली, टेबलाची घेतली, कपाटं उघडून आत बघितलं. पडदे चांगले आहेत खरं तर."

हे मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. वीस वर्षं या धंद्यात असलेल्या बाईला हे शोभत नाही, पण लपवण्यात अर्थ नाही.

मी बाहेर येऊन मॅडमना म्हटलं, "कुत्रा हरवल्याची पत्रकं लावायला हवीत. त्याचा फोटो द्या आणि लसीची पुस्तिका द्या. त्यात त्याचा नोंदणी नंबर असेल."

त्या दिवाणखान्यातल्या कपाटाशी गेल्या. धाकट्या साहेबांचा तिथे एक स्वतंत्र खण होता. त्यात कंगवा होता, खेळण्यातलं हाड होतं, सर्दीचं औषध होतं. मॅडमनी खण बाहेर ओढला, उपडा केला.

"पुस्तिका इथेच असते," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्या गोळ्या? त्याला गाडी लागते, त्याच्या गोळ्यांची पट्टी इथेच होती."

उघड्या दारातून पळून जाणारा कुत्रा जाताना लसीची पुस्तिका नेत नाही आणि प्रवासाच्या गोळ्याही नेत नाही. मी बॅगेची चेन बंद केली.

३

कुत्रा कुणीतरी नेला होता, तोही तयारीनिशी आणि गाडीतून. कोणी?

मॅडमना एकच नाव सुचलं. खालच्या मजल्यावर इमारतीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष राहत. निवृत्त झालेले, बायकोने सोडलेले आणि पायजम्याला इस्त्री करणारे. धाकट्या साहेबांच्या भुंकण्यावर त्यांनी वर्षभरात सहा पत्रं पाठवली होती. सहाव्यात 'मला अन्य उपाय योजावे लागतील' असं वाक्य होतं.

"मी?" अध्यक्ष मला बसायला न सांगता म्हणाले. "मी कुत्रा चोरीन? माझा कायद्यावर विश्वास आहे. मी पुरावा गोळा करत होतो."

त्यांनी उशीखालून एक लांबट वही काढली. असा अभिमान मी बापांच्या चेहऱ्यावर मुलांचे निकाल दाखवताना पाहिला आहे. त्यांनी वर्षभर त्या कुत्र्याचं प्रत्येक भुंकणं तारीख, वेळ आणि प्रकार यांसकट लिहून ठेवलं होतं. प्रकारांत 'तुटक', 'सलग' आणि 'उद्धट' असे तीन भाग होते. जगात माणसाला वेळ कसा घालवावा हे कळत नाही म्हणून काय काय होतं, याचा तो दस्तऐवज होता.

"सोमवार काढा," मी म्हटलं.

"सोमवार सर्वांत वाईट. माझी झोपेची वेळ." त्यांनी जुनी पानं उलटली. "हे बघा. सोमवार, दुपारी दोन वाजून एक मिनिट ते दोन वाजून अकरा. सलग. त्याच्या आधीचा सोमवार, दोन ते दोन वाजून दहा. सलग. त्याच्या आधी, दोन वाजून दोन..."

"परवाचा काढा."

त्यांनी चष्मा सारखा केला. "परवा. दुपारी एक वाजून दोन ते एक वाजून बारा. सलग."

"एक? दोन नाही?"

"बाई, मी अठ्ठावीस वर्षं हजेरीखात्यात काढली. मी एक लिहिलं म्हणजे एक."

"आणि त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर काही नाही. मला वाटलं, माझ्या पत्राचा परिणाम झाला." हे सांगताना त्यांचा चेहरा जरा पडला. त्या माणसाला कुत्र्यावाचून चुकल्यासारखं वाटत होतं आणि ते त्याला स्वतःला माहीत नव्हतं. त्याची मला कीव आली नाही, पण वही मी मागून घेतली. पावती लिहून घेतल्याशिवाय त्यांनी ती दिली नाही.

जिन्यात उभी राहून मी ते पान पुन्हा वाचलं. धाकटे साहेब फक्त त्या दारासाठी दहा मिनिटं सलग ओरडत. ते एकला ओरडले, म्हणजे दार एकला बंद झालं. मावशींना घड्याळ कळत होतं. पण मग जी मीटिंग नोव्हेंबरपासून कधी हलली नाही, ती परवा एक तास आधी का झाली? आणि ती दोनपर्यंत आटोपली असेल, तर साहेबांनी एवढं उघड उघड खोटं सांगायची हिंमत कशी केली?

४

ड्रायव्हर मला तळघरातल्या पार्किंगमध्ये सापडला. गाडीत बसून तो विकतची सँडविचेस खात होता. गाडी कंपनीची, पण माणूस मीच लावून दिलेला. दोन वर्षं तो दुपारचं जेवण मावशींच्या हातचं जेवत आला होता. मावशी त्याला आग्रहाने वाढत, आणि तो उठताना ताट धुऊन ठेवत असे.

"वर गेला नाहीत जेवायला?"

"पोट बरं नाही, ताई."

पोट बरं नसलेला माणूस अंड्याची दोन सँडविचेस खाऊन तिसऱ्याचा कागद सोडत होता.

"कधीपासून?"

"काल. कालपासून."

"सोमवारी दुपारी कुठे होतात?"

"गाडी धुवायला नेली होती." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "साहेबांनी सांगितलं होतं."

"बरं. धुऊन आणलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर हे मधाच्या रंगाचे केस कसे?"

केस वगैरे काही नव्हते. सीट चकचकीत होती. पण तो मागे वळून बघायच्या आधीच पांढराफटक पडला. मग त्याने सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं.

"मला विचारू नका, ताई. मी साहेबांचा माणूस आहे. घरी तीन पोरं आहेत."

"मावशींचं काय होणार आहे ते माहीत आहे?"

त्याने मान हलवली. त्याला माहीत होतं, म्हणूनच तो वर जेवायला जात नव्हता. ज्या हातचं खाल्लं त्या हातावर विस्तव ठेवायचा आणि वर जाऊन त्याच हातचं पुन्हा खायचं, एवढा निर्लज्जपणा त्याच्यात नव्हता. त्या घराच्या हिशेबाने तो फारच मागासलेला होता.

पण घाबरलेला माणूस म्हणजे पुरावा नव्हे. साहेबांनी एकदा 'मी मीटिंगमध्ये होतो' म्हटलं की ड्रायव्हर, बाई आणि खालचा विक्षिप्त म्हातारा, तिघांचं मिळूनही वजन त्यांच्या एका वाक्याएवढं भरत नव्हतं. मला त्या एका तासाचं कारण हवं होतं.

साडेतीनला मुलगी शाळेतून आली. जेवणाच्या टेबलावर दप्तर टाकून तिने मला विचारलं, "सापडला?"

"शोधतेय. तुला काय वाटतं?"

"मावशीने दार उघडं टाकलं नसेल. ती कुलूप लावून दोनदा ओढून बघते. पण मला कोण विचारतं?" तिने टेबलावर डोकं टेकलं. "आजीला सांगितलं नाही अजून. रविवारी आजीचा फोन आला तेव्हा तो इथेच होता. तिने त्याला हाकसुद्धा मारली."

"रविवारी कधी?"

"ती तिच्या सकाळी साडेनऊला करते, तिचं चर्चमधून आल्यावर ठरलेलं असतं. म्हणजे इथे तीनला. पण या वेळी तासभर आधीच आला, मी नुकती जेवायला बसले होते. आईबाबा बाहेर होते." तिने न बघता वर बोट दाखवलं. "मग मीच खुर्चीवर चढून ते नीट केलं. घरातलं कुणी बघतच नाही त्याच्याकडे."

मी वर पाहिलं. इथे तीन पस्तीस. घरी अकरा पाच.

दोन वर्षांपूर्वी मी ती घड्याळं टांगली तेव्हा त्यांच्यात साडेपाच तासांचं अंतर होतं. आता साडेचार होतं. सकाळी मी त्याच घड्याळांखाली उभी राहून दोन्ही वेळा वाचल्या होत्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

५

साहेब साडेपाचला आले. मॅडम फोन हातात धरून बसल्या होत्या, मुलगी टेबलाशी होती आणि मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ड्रायव्हरला मीच वर बोलावून घेतलं होतं. तो बुटांकडे बघत उभा होता.

"एवढी माणसं कशाला?" साहेबांनी टाय सैल केला. "दुसरी बाई मिळाली का?"

"एक प्रश्न राहिलाय," मी म्हटलं. "सोमवारी दोन ते तीन तुम्ही कुठे होतात?"

"मीटिंगमध्ये. नेहमीप्रमाणे."

"तुमच्या मुख्य ऑफिसात तेव्हा किती वाजले होते?"

"साडेआठ. तिथे मीटिंग साडेआठलाच असते."

"इथे दोन आणि तिथे साडेआठ. म्हणजे साडेपाच तासांचं अंतर. जरा वर बघाल?"

त्यांनी वर पाहिलं. इथे साडेपाच. घरी एक. मॅडमनीही पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ते घड्याळ चुकलंय," साहेब म्हणाले.

"चुकलं नाही," मुलगी म्हणाली. "रविवारी तिकडे सगळ्यांनी घड्याळं एक तास पुढे केली. उन्हाळ्यासाठी. दर वर्षी करतात, बाबा."

"दर वर्षी करतात," मी म्हटलं, "आणि दर वर्षी त्या आठवड्यात माझी निम्मी गिऱ्हाइकं चुकीच्या वेळी भेटायला येतात. आपल्याच देशाची वेळ बदलली हे त्यांना इथे बसून आठवत नाही. तुमच्या मुख्य ऑफिसात सोमवारी साडेआठ वाजले तेव्हा इथे एक वाजला होता. तुम्ही एक ते दोन मीटिंगमध्ये होतात. सूप निवलं ते त्यामुळे. आणि मीटिंग संपल्यावर दोन वाजता बाहेर येऊन तुम्ही मावशींना, घरात लोणी असताना, लोणी आणायला पाठवलंत."

"हा निव्वळ अंदाज आहे."

मी अध्यक्षांची वही टेबलावर ठेवली आणि पान उघडलं. मॅडमनी वाचलं. त्यांना त्या दाराची आणि त्या भुंकण्याची सवय होती, त्यामुळे समजवायची वेळ आली नाही. दर सोमवारी दोनला, परवा एकला. 'सलग' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"तुम्ही खोटं बोलायलासुद्धा कष्ट घेतले नाहीत, साहेब," मी म्हटलं. "इतके महिने जी वेळ सांगत होतात, तीच सांगून टाकलीत. समोर बाईचाच शब्द होता ना? मग नवीन काही रचायची गरज काय?"

"पण का?" मॅडम म्हणाल्या. "त्यांनी त्याला का नेलं असेल?"

"मागच्या आठवड्यात तुम्ही बाहेर असताना इथे पडद्यांचा म्हणून एक माणूस आला होता. पडदेवाला खिडक्या मोजतो. त्याने सोफा मोजला, टेबल मोजलं आणि कपाटं उघडून आत बघितलं. घर हलवायच्या आधी सामान किती आहे ते बघायला पॅकर्सची माणसं येतात, ती असं करतात. तुमची बदली झालीय, मॅडम. जिथे झालीय तिथे बहुधा कुत्रा नेता येत नाही."

ड्रायव्हरने खाकरून घसा साफ केला.

"दीड तासावर एक कुत्रा सांभाळायची जागा आहे," तो बुटांकडेच बघत म्हणाला. "सव्वादोनला मी सामानाच्या लिफ्टने खाली नेलं त्यांना. साहेबांनी एक गोळी इथेच दिली होती. तिथे पुस्तिका दाखवल्याशिवाय घेत नाहीत. पट्टा खुंटीलाच ठेवा म्हणाले, तिथे दुसरा विकत घेतला. दारही त्यांनीच उघडं ठेवायला सांगितलं." त्याने पहिल्यांदा मान वर केली. "धाकटे साहेब बरे आहेत. काल फोन करून विचारलं मी."

मुलगी उठून स्वयंपाकघराच्या दारात मावशींच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

६

यानंतर साहेब काय म्हणाले ते ऐका. ते म्हणाले, "मी वाद कमी करत होतो. बदलीचं सांगितलं असतं तर आधी कुत्र्यावरून भांडण झालं असतं, मग शाळेवरून. कुत्रा आधीच नसता तर एकच राहिलं असतं."

यावर मॅडम जे बोलल्या त्याचा सगळा तपशील देत नाही. मुलीची शाळा संपेपर्यंत आता कुठेही हलायचं नाही, असं मागच्या बदलीच्या वेळी ठरलं होतं. कुठली बदली, कुणाचं करिअर, कुणाच्या आईने आधीच काय सांगितलं होतं, असं पाऊण तास चाललं; महिनाभरात निघायचंय हे मला त्यातच कळलं. मी मध्ये बसून होते. त्या पाऊण तासात त्या दोघांपैकी एकाच्याही तोंडून मावशींचं नाव निघालं नाही. त्या दारात उभ्या आहेत हेसुद्धा ते विसरले होते. सहा कधी वाजून गेले ते कुणी पाहिलं नाही.

शेवटी मीच आठवण करून दिली.

"अरे हो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फोन उचलला, अंगठ्याने तो मजकूर पुसला आणि मावशींकडे बघून हसल्या. "झालं. पाठवलाच नव्हता, म्हणजे काही घडलंच नाही. उद्या सकाळी नेहमीसारखी सातला ये."

साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या मते हे औदार्य होतं.

मावशी पुढे आल्या. मला वाटलं, रडतील. पण त्यांनी फक्त टेबलावरचा मुलीचा पेन उचलून साहेबांसमोर ठेवला.

"मला पत्र हवंय," त्या म्हणाल्या.

"शिफारसपत्र? देऊ की. निघताना सगळ्यांना देतो."

"ते नको. तसली माझ्याकडे सहा आहेत. प्रामाणिक, स्वच्छ, मुलांवर प्रेम करते. सहाही घरांनी तेच लिहिलंय. दोन दिवस मी त्या स्टुलावर बसले होते तेव्हा त्यातलं एक माझ्या कामाला आलं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही लिहा, सोमवारी दोन वाजता मी हिला लोणी आणायला पाठवलं. मग मी नाही म्हणालो. दार मी उघडं ठेवायला लावलं. आणि खाली सही करा."

"हे असं कसं लिहून देणार? उद्या कुणी वाचलं तर?"

"वाचायलाच पाहिजे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. या सगळ्या वर्षांत या लोकांनी असं माझ्याकडे पाहिलं की मी तोडगा काढत आले आहे.

"लिहा," मी म्हटलं. "महिन्याभरात हे घर मालकाला परत द्यायचंय. ते माझ्या सहीशिवाय होत नाही, आणि माझी सही तुमच्या सहीनंतर."

त्यांनी लिहिलं. तीन ओळींना त्यांना वीस मिनिटं लागली. अशा माणसाच्या हाताला खरं लिहायची सवय नसते. मावशींनी तो कागद मुलीकडून वाचून घेतला, एकदा नाही, दोनदा. 'मग मी नाही म्हणालो' ही ओळ वाचताना मुलीचा आवाज बारीक झाला. मग मावशींनी कागदाची घडी घालून तो डब्याच्या पिशवीत ठेवला, त्याच पिशवीत जी परवा उलटी केली होती. जाताना त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्या सातला?" मॅडमनी विचारलं.

"नाही," मावशी म्हणाल्या. "सूप झाकून ठेवलंय. गरम करून घ्या."

ड्रायव्हर मुलीला घेऊन सामानाच्या लिफ्टकडे गेला. धाकट्या साहेबांना आणायला ती आत्ताच निघायचं म्हणत होती. मी आणि मावशी दुसऱ्या लिफ्टने उतरलो. मला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं आणि ते सापडत नव्हतं.

"तुमच्यासाठी सोमवारपर्यंत नवीन घर बघते," मी म्हटलं.

"बघा." त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं. "त्यात दुसरीचे कागद आहेत ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. दिवसभर ते कसं करतात ते मी जवळून पाहिलं होतं.

"आहेत. सकाळीच घेऊन आले होते."

"मला काही न विचारता."

"हो."

त्यांनी मान हलवली. वाईट वाटलं असं दिसलं नाही. अंदाज बरोबर निघाला की माणूस हलवतो तशी हलवली.

"तिलाच द्या ही जागा. महिनाभर का होईना, पगार चांगला आहे." लिफ्टचं दार उघडलं आणि त्या बाहेर पडल्या. "फक्त तिला एवढं सांगा. साहेबांनी काही आणायला पाठवलं तर चिठ्ठी लिहून घे म्हणावं. आणि एजन्सीच्या बाई आल्या तर त्यांच्याकडूनही."